घरटी एक लाकूड

"मी मेल्यावर लाकूड किती?" असं गिझेलाबाईनं शहापूरच्या बाजारात, लाकडाच्या वखारीसमोर उभं राहून विचारलं. टोमॅटोचा भाव विचारावा तितकं सरळ. बारकूच्या हातातली कांद्याची पिशवी एकदम जड झाली. त्याला वाटलं, बाईचं मराठी पुन्हा घसरलं असेल, तिला खुर्चीबिर्ची करायला लाकूड हवं असेल. पण तिनं वखारीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे केलं, आणि "जाळायला" हा शब्द इतका स्वच्छ उच्चारला की तो तिनं आधी घरी चारपाच वेळा म्हणून बघितला असणार. तिच्या हातात ती निळी वही उघडी होती. कांदे, गॅसचा सिलिंडर, खर्डी स्टेशनपासून वाडीपर्यंत रिक्षा, चपलेला टाका, दाताच्या डॉक्टरची फी, सगळं त्या वहीत होतं, आणि शेवटच्या पानावर नुसती एक ओळ ओढून पुढची जागा मोकळी ठेवली होती. बारकूनं अठ्ठावीस वर्षं इथल्या भातगिरणीत काट्यावर वजन केलेलं. कुणी भाव विचारला की त्याची जीभ डोक्याच्या आधी चालायची. आताही ती आधीच चालली. "काय लागत नाय," तो म्हणाला. गिझेलाबाईनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "शून्य?" तिनं विचारलं. "काय नाय," बारकू पुन्हा म्हणाला. तिनं सावकाश, जरा मोठंच, शून्य काढलं, पेनाला टोपण लावलं आणि दोघं कोथिंबीर बघायला पुढे गेली.

आता हे "काय नाय" म्हणजे उत्तर नव्हतं, ती वाडीची सवय होती. वेलावरची काकडी कुणी मागितली, अळूची पानं मागितली, विळ्याला मूठ बसवून मागितली, की "किती झाले?" या प्रश्नाला "काय नाय" म्हणायचं, मग समोरच्यानं जरा रेटायचं, मग आपण विषय बदलायचा. दोन वर्षांपूर्वी गिझेलाबाई बारकूच्या मागच्या खोलीत राहायला आली, तेव्हापासून तिला हे "काय नाय" किती वेळा ऐकवलं त्याची गणती नाही. तिच्या वहीत शेवग्याच्या शेंगांपुढे शून्य होतं, करवंदांपुढे शून्य होतं, बारकूच्या बायकोनं, अनितानं, करून दिलेल्या पोटदुखीच्या काढ्यापुढे शून्य होतं. पहिल्या वर्षी प्रत्येक शून्यापुढे ती प्रश्नचिन्ह काढायची. दुसऱ्या वर्षी तिनं ते सोडून दिलं. पण आजचं शून्य या बाकीच्या शून्यांसारखं नव्हतं हे वाडीतल्या स्वरूपच्या रिक्षात बसल्यावर बारकूच्या ध्यानात यायला लागलं, आणि खर्डीचा फाटा येईस्तोवर ते पुरतं उमगलं. कारण ते खरं होतं आणि खोटंही होतं. वाडीत मयताला लाकूड विकत आणत नाहीत. घरटी एक लाकूड येतं. एकेचाळीस घरं, एकेचाळीस लाकडं. म्हणजे लागत काहीच नाही. पण ते येतं कुणासाठी? ज्या घरानं दिलेलं असतं त्या घरासाठी. शेजारी बसलेली ही बहात्तर वर्षांची गोरी म्हातारी वाडीतलं घर नव्हती, ती बारकूच्या मागच्या खोलीतली भाडोत्री होती. आणि तिला बारकूनं आज, कुणालाही न विचारता, एकेचाळीस घरांच्या वतीनं शब्द देऊन टाकला होता. तिनं तो लिहूनही घेतला होता.

सरण रचायचं काम बारकूकडे त्याच्या बापाकडून आलं. त्याची वाटणी कुणी केली नव्हती, हाताला जमतं म्हणून आलं. गावात कुणी गेलं की निरोप घरोघर पोचतो आणि घरोघर अंगणात एक लाकूड येऊन पडतं. कुणी दार वाजवत नाही, कुणी मागत नाही. पूर्वी बैलगाडी फिरायची, आता ट्रॅक्टरची ट्रॉली फिरते आणि अंगणातली लाकडं उचलून नदीकाठी नेते. तिथे बारकू उभा असतो. बापानं त्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा तो विशीतला होता. बाप म्हणाला होता, लाकडं मोजून घे. बारकूला वाटलं होतं, कमी पडू नयेत म्हणून. पण बाप लाकूड हातात घेऊन घराचं नाव घ्यायचा. हे ऐनाचं सोमीच्या घरचं. हे जांभळीचं, वाकडं, नवशाचं, त्याच्या बांधावरची फांदी मोडली होती ना पावसात. हा आंब्याचा जाड ओंडका कुणाचा, तर ज्याचं मेलेल्याशी वीस वर्षं बोलणं नव्हतं त्याचा. बारकूला तेव्हा अंगावर काटा आला होता. एवढं सगळं त्या ढिगात होतं, आणि काही तासांत त्याची राख होणार होती, आणि ते कुणी कुठे लिहून ठेवत नव्हतं. तेव्हापासून त्यानं कितीतरी सरणं रचली. गिरणीत पोत्यांचं वजन चुकलं असेल एखाद्या वेळी, पण लाकडांचा आकडा कधी चुकला नाही. एकेचाळिसांत एक कमी असतं तर त्याला झोप लागली नसती. ते कधी कमी भरलं नाही.

आणि ही बाई जिथून आली तिथं काय होतं, ते ती संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायची. तिचं मराठी, बारकूचं हिंदी आणि मधे भाषांतर करणारा फोन, असा तिघांचा संसार. जर्मनीत ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची, पस्तीस वर्षं. पेन्शन मिळायची, पण घरभाडं आणि थंडीत घर गरम ठेवायचा खर्च गेला की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती बटाटे आणि चहावर असायची. हे ऐकून अनिता आधी हसलीच होती. गोऱ्या माणसाला खायला कमी पडतं हे तिला खरंच वाटेना. मग गिझेलाबाईनं सांगितलं की तिथं छपरावर पडणाऱ्या पावसाचे पैसे भरावे लागतात, ते पाणी गटारात जातं म्हणून. बारकूनं फोनवर ते तीनदा ऐकलं. पावसाचे पैसे. त्यानं मान वर करून आपल्या कौलांकडे बघितलं, आणि दर पावसाळ्यात त्यांच्यावरून जे काय वाहून जातं त्याचा हिशेब करता करता त्याला गरगरल्यासारखं झालं. पण खरी कमाल त्याला वाटली ती कबरीची. तिथं कबरीची जागा भाड्यानं मिळते. वीसपंचवीस वर्षं. मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे, नाही भरले तर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. गिझेलाबाईच्या आईची मुदत संपली तेव्हा तिच्याकडे पैसे नव्हते. ती एकदा फुलं घेऊन गेली, तर तिथं गवत होतं. हे सांगताना ती रडली नाही, चष्मा पुसत बसली. नंतर म्हणाली, मेल्यावर भाडं थकवायचं नाही असं तिनं त्या गवतावर उभं राहून ठरवलं. इगतपुरीला दहा दिवस मौन धरून बसायला ती आली, तिथं कुणीतरी खर्डीकडे खोल्या स्वस्त मिळतात म्हणालं, आणि ती आली ती आलीच. व्हिसा होता तोवर राहायची, पावसाळ्याआधी जायची, नवरात्रात परत यायची. वाडीनं पहिल्याच आठवड्यात तिचं गिजाबाय करून टाकलं. निळी वही ती स्वतःसाठी लिहीत नव्हती. धुलाईखान्यातल्या तिच्या तीन मैत्रिणी होत्या, तिच्यासारख्याच एकट्या, त्यांनी विचारलं होतं, तिकडे जगायला एकूण लागतं किती. ती त्यांना सगळं खरं लिहिणार होती. म्हणून शेवटच्या पानावरची ती ओळ.

बारकूला चार दिवस अन्न गोड लागेना. गिझेलाबाई खोकली की त्याचा हात थांबायचा. असं काही नाही की ती उद्या मरणार होती, वाडीतल्या बायकांपेक्षा तीच टणक होती, सकाळी उठून धरणाच्या रस्त्यानं चालून यायची. पण वहीतलं ते शून्य आता त्याच्याकडे डोळा रोखून बसलं होतं. लाकूड मिळणं ही अडचण नव्हती. चहूबाजूंनी रान, आणि स्वतःच्या परसातला एक वाळलेला आंबा पाडला असता तरी एका माणसाचं भागलं असतं. पण एका घरातून आलेलं लाकूड ते काय सरण? तो नुसता जाळ. त्या बाईला गवतापासून सुटका हवी होती, आणि ती सुटका एकेचाळीस अंगणांत होती, बारकूच्या परसात नव्हती. शेवटी तो महादूकडे गेला. महादू वाडीतला सगळ्यात वडीलधारा, ऐकायला कमी यायचं पण ठरवायला कमी पडायचा नाही. बारकूनं गोष्ट दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी आडून आडून काढली, आणि महादूनं दुसऱ्या वाक्याला ओळखलं. धर्म वेगळा आहे म्हणून तो अडला नाही, तिनं जाळा म्हटलं तर जाळावं, असं तो म्हणाला. जात्याच उदार माणूस. पण लाकडाचं नाव निघाल्यावर त्यानं मान हलवली.

"ती घर नाय, बारकू. घर मंजे चूल, आन मयताला दिलंलं लाकूड. तुजी भाडोत्री मेली तर तू जाळ, आमी खांदा देऊ. लाकूड कोन काय मनून टाकील?"

बारकू म्हणाला, मग तिला सांगू का, पुढच्या मयताला टाक म्हणून. महादूनं त्याच्याकडे असं बघितलं की बारकूची मान खाली गेली. सांगून आलेलं लाकूड म्हणजे वर्गणी झाली. ते कुणी कुणाला सांगत नाही. नव्या सुनेलासुद्धा सासू सांगत नाही, ती बघते आणि तिचं तिला कळतं. हे बारकूला माहीत नव्हतं असं थोडंच होतं. त्यालाच ते सगळ्यात जास्त माहीत होतं, म्हणून तर विचारताना त्याचा आवाज इतका बारीक झाला होता.

त्यात आदेशचा फोन. आदेश म्हणजे बारकूचा मुलगा, कल्याणला असतो, बायको कुणाली तिथंच नोकरीला. मागची खोली त्याच्याच लग्नाच्या वेळी बांधलेली. अनितानं त्याला वखारीची गोष्ट हसत हसत सांगितली आणि तो एकदम गंभीर झाला. परदेशी माणूस घरात मेलं तर पोलीस येतात, वकिलातीची कागदपत्रं लागतात, महिनाभर बॉडी पडून राहते, आपल्या अंगाशी येईल, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं, आणि मार्चपर्यंत खोली खाली करून घ्या म्हणाला. आदेशचं काही चुकत नव्हतं. कागद असतातच, आणि ते कुणीतरी करावेच लागतात. बारकू "बघतो" म्हणाला. पण फोन ठेवल्यावर तो मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला, तर आत गिझेलाबाई स्टुलावर बसून तांदूळ निवडत होती, अनितासारखीच, सूप मांडीवर घेऊन, खडा दिसला की तो डोळ्यांशी नेऊन बघत. तिनं हसून मान हलवली. हिला मार्चमध्ये जा म्हणून सांगायचं तर कोणत्या तोंडानं सांगायचं हे त्याला कळेना. सात समुद्र ओलांडून एक बाई येते, कशासाठी, तर पोटभर जेवावं आणि नीट मरावं. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर तिला त्यासाठी ही जागा सापडते, बारकूच्या म्हशीच्या गोठ्याशेजारची. याचं त्याला इतकं नवल वाटलं की भीतीसुद्धा क्षणभर बाजूला सरली.

अनिताची वेगळीच तक्रार चालली होती. गिजाबाय हल्ली खाटेखाली झाडू मारू देत नाही. काहीतरी ठेवलंय तिनं तिथं, चादरीत गुंडाळून, भिंतीला लावून. अनितानं ओणवं होऊन बघितलं तर बाईनं हात धरून तिला उठवलं आणि चहा दिला. म्हातारपणी माणूस असंच कायबाय साठवतं, अनिता म्हणाली, माझ्या आईच्या खाटेखाली नारळाच्या करवंट्या होत्या. बारकूनं ते ऐकलं न ऐकलं केलं. त्याच्या डोक्यात आता एकच चाललं होतं. आपण बोललो ते शून्य परत कसं घ्यायचं. एकदा त्यानं मनाचा हिय्या केला, वही मागितली, आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाला की हे अजून पक्कं नाही. गिझेलाबाई त्याच्या बोटाकडे बघत राहिली. मग तिनं वही मिटली आणि मराठीत म्हणाली, "मला माहीत आहे." तिला काय माहीत आहे हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, ताराबाई गेली. नव्वदीची म्हातारी, वाडीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, बारकूसुद्धा. पहाटे झोपेतच गेली. निरोप फिरला, चुली थंड राहिल्या, कारण मयत नदीवर जाऊन माणसं परत येईपर्यंत वाडीत चूल पेटत नाही. बारकू दहाच्या सुमाराला नदीकाठी गेला, जागा झाडली, खालचे चार दगड नीट बसवले. ट्रॉली आली. स्वरूपनं आज रिक्षा बंद ठेवली होती, तो ट्रॉलीवर उभा राहून लाकडं खाली देत होता आणि बारकू ती घेऊन रांगेनं लावत होता, ओठ हलत होते, बापासारखेच. सोमीचं ऐन. नवशाचं करंज. चिमीच्या सासऱ्याचं, नेहमीप्रमाणे सगळ्यात बारीक, कंजूष मेला, पण आलं. महादूचा आंबा. त्याचं स्वतःचं, अनितानं काढून ठेवलेलं जांभळीचं. ट्रॉली रिकामी झाली तेव्हा त्याच्या तोंडात आकडा होता बेचाळीस.

त्यानं पुन्हा मोजलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चुकलं होतं, म्हातारपण आलं म्हणायचं. दुसऱ्यांदाही बेचाळीस. कुणाच्या घरून दोन आली? दोन देत नाहीत, ते अशुभ. तो एकेक लाकूड उलटून बघू लागला, घराचं नाव घेऊ लागला, आणि रांगेच्या टोकाला त्याचा हात थांबला. बाकी सगळी लाकडं कुऱ्हाडीनं तोडलेली, टोकांना तासलेली. हे एक दोन्ही टोकांना करवतीनं सरळ कापलेलं, साफ, साल काढलेलं. आणि त्याच्या एका टोकावर लाल खडूनं आकडे होते. वखारीतले. वजन आणि त्याखाली किंमत. तसं लाकूड वाडीत कुणाच्या परसात असणं शक्य नव्हतं. शेकड्यांनी लाकडं त्याच्या हातांखालून गेली होती, पण भाव लिहिलेलं हे पहिलंच. बारकू त्याच्यापुढे उकिडवा बसला.

स्वरूप खाली उतरला. "मागच्या दाराशी व्हतं," तो हळू म्हणाला. "बाजूला उभी व्हती ती. मी काय बोललो नाय, उचललं. दिवाळीच्या आधी माज्याच रिक्षातून आनलंतं तिनं. मी मनलं चुलीला काय गो, तर नुसती हसली."

दिवाळीच्या आधी. म्हणजे तो वखारीसमोरचा बाजार झाल्यावर लगेचच. म्हणजे त्यानं शून्य सांगितलं, तिनं ते लिहून घेतलं, आणि त्या शून्यावर तिचा एक दिवसही विश्वास बसला नव्हता. दोन वर्षांत वाडीत तीन मयतं झाली होती, तिन्ही वेळा ती आपल्या दारात उभी राहून ट्रॉली बघत होती. बारकूला ते आता आठवलं, ते तिचं शांत उभं राहणं. तो समजत होता गोऱ्या माणसाला नवल वाटतंय. ती मोजत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं नसतं हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. बारकूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही, मयतावर कुणी कुणाचे डोळे बघत नाही. इतके दिवस तो तिला वाडीत घ्यायची वाट शोधत होता, आणि ती खाटेखाली लाकूड सुकवत होती. किती मोठी बाई ही, त्याच्या मनात आलं, आणि आपण हिला करवंदं फुकट देऊन मोठे झालो होतो.

तेवढ्यात महादू काठी टेकत आला. ताराबाईला आणलं होतं, लोक मागे थांबले होते. महादूनं रांगेकडे बघितलं, मग त्या कापलेल्या लाकडाकडे, मग लाल खडूकडे. वाचायला त्याला नीट येत नव्हतं, पण आकडे कळत होते. स्वरूप काहीतरी सांगायला लागला तर त्यानं हात वर केला. बारकूला वाटलं, आता म्हणणार, हे बाजूला ठेव. विकतचं आहे. आणि बारकूनं मनाशी ठरवलंही की असं झालं तर आज आपण पहिल्यांदा महादूचं ऐकायचं नाही. महादूनं काठी स्वरूपकडे दिली, कंबरेत वाकला, लाकडाचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाकडे बारकूला मान केली. दोघांनी ते उचललं. चांगलंच जड होतं, खणखणीत सुकलेलं. छातीखालची जागा बारकू नेहमी सगळ्यात भारी लाकडासाठी राखून ठेवतो. महादू नेमका तिथं थांबला आणि त्यानं टोक खाली ठेवलं.

"बेचाळीस," महादू म्हणाला, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बारकू घरी आला तेव्हा दुपार कलली होती. अंगणात बादली भरून ठेवलेली, त्यानं अंगावर पाणी घेतलं, कोरडं धोतर नेसलं आणि मागच्या बाजूला गेला. गिझेलाबाई आपल्या दारात उंबऱ्यावर बसली होती. सकाळपासून तिनं काही खाल्लेलं दिसत नव्हतं, ओठ वाळले होते. मार्चचं काय करायचं, कागदांचं काय करायचं, आदेशशी काय बोलायचं, हे सगळं बारकूला बोलायचं होतं, ते आज राहू दे असं त्यानं ठरवलं. ती त्याच्याकडे बघून उठली. इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडावर एवढी काळजी त्यानं पाहिली नव्हती, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोराची असते तशी.

"ओलं नव्हतं ना?" तिनं विचारलं.

"नाय," बारकू म्हणाला. "चांगलं सुकलं व्हतं. छातीखाली लावलं."

तिनं मान हलवली. तो शब्द तिला कळला की नाही कोण जाणे, पण तिनं आपला हात छातीवर ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला. मग ती आत गेली, आणि सकाळपासून बंद असलेला तिचा गॅस पेटल्याचा आवाज झाला. वाडीतल्या बाकीच्या घरांवरही तेव्हाच धूर दिसायला लागला होता.